गच्चीवरची भाजी : उजेडाचे पंचांग आणि उष्म्याचे पंचांग

परसदार (पुणे)

ऑक्टोबर संपत आला की घरोघरी टोमॅटो, कोबी, मटार यांच्या बियाण्यांची पुडकी बाहेर निघतात आणि 'आता लावू का?' हा प्रश्न दरवर्षीप्रमाणे विचारला जातो. मी गेली चौदा वर्षे कर्वेनगर भागातील आमच्या तीनमजली इमारतीच्या गच्चीवर भाजी पिकवते. पहिली पाच-सहा वर्षे या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या आईच्या शिस्तीने देत असे. मृग लागला की भेंडी, गवार, दोडका. गणपती गेले की टोमॅटो-वांग्याची रोपे. दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक, मटार. आणि होळीनंतर फक्त माठ. हे वेळापत्रक आता माझ्या गच्चीवर जुळत नाही. ते का जुळत नाही आणि त्याच्या जागी मी काय वापरते, हे सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढला आहे.

गच्चीवर मी दोन तापमापक ठेवले आहेत. एक जिन्याच्या खोलीच्या उत्तरेकडील सावलीत पाच फुटांवर टांगलेला आहे आणि तो दिवसभरातील कमाल व किमान तापमान धरून ठेवतो. दुसरा सळईचा आहे, तो कुंडीतील मातीत चार इंच खाली खुपसता येतो. २०१८ पासून रोज सकाळी हे आकडे मी वहीत लिहिते. माझा आकडा वेधशाळेच्या आकड्याशी कधीच तंतोतंत जुळत नाही, आणि पुण्यातल्या पुण्यातही तो एक नसतो हे हिवाळ्यात वर्तमानपत्र उघडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या पहाटे एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) किंवा पाषाण येथे हुडहुडी भरते, त्याच पहाटे मगरपट्टा किंवा कोरेगाव पार्क येथे पारा चार-पाच अंशांनी, कधी त्याहूनही अधिक वर असतो. काँक्रीट, डांबर आणि खेटून उभ्या असलेल्या इमारती दिवसभर ऊन साठवतात व रात्रभर ते सोडत राहतात. गच्चीवरचे झाड या साठवलेल्या उष्णतेच्या मधोमध उभे असते, त्यामुळे हवामान बदलाची झळ त्याला शेतातल्या झाडापेक्षा थोडी आधी आणि थोडी जास्त लागते, असे माझे मत झाले आहे.

गेल्या काही वर्षांतील तीन प्रसंग सांगते. २०२३ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनच्या नोंदींत, दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाचा विचार करता, देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. त्या महिन्यात माझे मटारचे वेल शेंगा भरण्याआधीच बुंध्याकडून वाळत गेले. त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि ऐन श्रावणात मला दोन वेळा पाणी घालावे लागले. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस पुण्यात आणि मुंबईत २६ मे रोजीच येऊन दाखल झाला. मी वाफ्यांतील माती उन्हात तापत ठेवली होती, ती नीट तापण्याआधीच भिजली. पाऊस आला म्हणून मी घाईने भेंडी आणि काकडी पेरली, आणि आठवड्याभरात निम्मी रोपे मातीलगत काळी पडून कोलमडली. पाऊस लवकर आला म्हणजे हंगाम लवकर आला, असे मी समजले, ही माझी चूक होती.

मात्र मला खरे शिकवले ते टोमॅटोने. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मधोमध एक बारीक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. फळ धरायचे नसेल तर आधी फुलाचे टोक नव्हे, ही गाठ पिवळी पडते. दोन दिवसांनी झाडाला नुसता हात लागला तरी फूल त्या गाठीपासून सुटून खाली येते, पाकळ्या मात्र अजून ताज्या असतात. अशी फुले मी सलग दोन वर्षे मूठ-मूठभर गोळा केली, आणि खत कमी पडले असेल, पोटॅश कमी पडले असेल, असे समजून निष्कारण खते घालत राहिले. नंतर वही उघडून पाहिले तेव्हा ध्यानात आले की फुलगळीच्या प्रत्येक आठवड्यात रात्रीचे किमान तापमान २३-२४ अंशांखाली उतरलेच नव्हते. टोमॅटोला दिवसा ३२ ते ३५ अंशांच्या वर आणि रात्री २१ ते २४ अंशांच्या वर उष्मा सोसत नाही, त्याचे पराग निकामी होतात आणि फूल कितीही सुंदर दिसले तरी फळ धरत नाही. दुपारची सावली आपण शेडनेटने करू शकतो, रात्र थंड करण्याचा उपाय मात्र आपल्या हाती नाही.

आता मुख्य मुद्दा. एका वर्षी माझ्या हातून घेवड्याच्या बिया दोनदा पेरल्या गेल्या, एकदा जूनमध्ये आणि एकदा ऑगस्टच्या अखेरीस. वेलांच्या लांबीत दुपटीचा फरक होता, पण दोन्ही वेलांना फुले आली ती नोव्हेंबरच्या एकाच आठवड्यात. आपले जुने गावरान वाल, पावटा, घेवडा हे दिवस लहान होण्याची वाट पाहतात. अंबाडीचेही फुलणे तसेच. पुण्यात जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये सुमारे अकरा तासांचा. हे गणित पृथ्वीच्या कललेल्या आसाचे आहे, हवेत कितीही कर्बवायू वाढला तरी ते बदलणार नाही. म्हणजे पंचांगे दोन आहेत. उजेडाचे पंचांग आजीच्या काळात होते तसेच आहे, आणि त्याच्यावर चालणाऱ्या भाज्या आजही तिथीवर येतात. बिघडले आहे ते उष्म्याचे आणि पावसाचे पंचांग, आणि टोमॅटो, मटार, फ्लॉवर, पालक, कोथिंबीर यांचे बरेचसे त्याच्यावर अवलंबून आहे. आपण या दोन्ही गटांना एकाच नक्षत्राच्या दावणीला बांधतो, म्हणून फसतो.

मी आता टोमॅटोची रोपे गणपतीनंतर लगेच लावत नाही. रोप कुंडीत लावल्यापासून पहिले फूल येण्यास साधारण २५ ते ३० दिवस लागतात. माझ्या वहीप्रमाणे ज्या आठवड्यात किमान तापमान सलग २० च्या खाली राहू लागते, त्या आठवड्यात पहिली फुले उमलावीत अशा बेताने मी मागे मोजते. आपल्यापैकी ज्यांच्याकडे अशा नोंदी आहेत त्यांनी आपापल्या गावाचे अनुभव लिहावेत, ही विनंती.

नवाबागवान (डोंबिवली)

ताई, लेख दोनदा वाचला. आमच्याकडे गच्ची नाही, पूर्वेकडे तोंड असलेली साडेतीन फूट रुंदीची बाल्कनी आहे आणि सकाळी साडेदहानंतर तिथे ऊन नसते. किनारपट्टीवर रात्री फारशा थंड होत नाहीत, तेव्हा आम्ही टोमॅटोचा नाद सोडावा का? मी गेल्या वर्षी आठ कुंड्यांतून मोजून अकरा टोमॅटो काढले. सौभाग्यवतींनी त्यांची एकदा कोशिंबीर केली आणि पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. दुसरे असे की, आमच्या वरच्या मजल्यावरील गृहस्थ संस्थेच्या गच्चीवर मातीचे वाफे करू म्हणतात, पण समितीचे सदस्य गळतीच्या भीतीने परवानगी देत नाहीत. त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे?

तुळई (ठाणे)

मी इमारतींच्या संरचनेचे काम करतो, म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. गळतीची भीती रास्त आहे, पण त्याहून मोठी काळजी वजनाची असायला हवी, आणि तिच्याबद्दल समितीच्या बैठकांत कोणी बोलत नाही.

आपल्याकडे इमारतीवर येणाऱ्या भाराचे जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा दुसरा भाग, त्यात माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी प्रति चौरस मीटर १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो इतका वापराचा भार धरला आहे. ज्या गच्चीवर ये-जा अपेक्षितच नाही तिच्यासाठी तर त्याच्या निम्मा. आता एक फूट जाडीचा मातीचा वाफा घ्या. ओल्या मातीचे वजन घनमीटरला १,७०० किलोंच्या आसपास जाते, त्यामुळे एक चौरस मीटर वाफ्याचे वजन ५०० किलोंच्या वर भरते. म्हणजे तिपटीहून अधिक. मुसळधार पावसात निचऱ्याची जाळी पानांनी बुजली आणि गच्चीवर चार इंच पाणी साचले, तर आणखी १०० किलो. स्लॅब लगेच कोसळत नाही, कारण आरेखनात सुरक्षिततेची मर्यादा ठेवलेली असते, परंतु ती मर्यादा आपण भाजीसाठी वापरून टाकायची नसते. तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या इमारतीत, जिथे सळया गंजून प्लास्टर फुगले आहे, तिथे तर मुळीच नाही.

याचा अर्थ गच्चीवर काही लावूच नये, असा नाही. नारळाच्या काथ्याचा भुसा, कुजवलेला पालापाचोळा आणि शेणखत यांचे मिश्रण पूर्ण भिजल्यावरही मातीच्या निम्म्याच्या आसपास भरते. त्याची जाडी सहा इंच ठेवली तर भार मानकाच्या आत राहतो. खोल मुळांची झाडे आणि पाण्याची पिंपे स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळयांच्या रेषेवर किंवा खांबांच्या डोक्यावर ठेवावीत. तुळया कोठे आहेत हे खालच्या मजल्यावर छताकडे पाहिले की समजते. कुंड्या विटांवर किंवा लोखंडी घडवंचीवर उचलून ठेवल्या तर जलरोधक थराला धक्का लागत नाही आणि खालून झाडताही येते. गळतीच्या बहुतेक तक्रारी मी पाहिल्या त्या कुंडी सरळ फरशीवर ठेवल्यामुळे, किंवा मुळे कोब्यातील भेगेत शिरल्यामुळे झालेल्या होत्या.

परसदार (पुणे)

तुळई, आपण हे इतके नेमके लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. माझ्या पहिल्या वर्षी मी नदीकाठची गाळाची माती पोत्यांनी वर चढवली होती, आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली. ती सगळी माती मी पुन्हा खाली उतरवली. आता माझ्या वाफ्यांत माती जेमतेम एक पंचमांश आहे. बाकी सारे रसवंतीवरून आणलेले उसाचे चिपाड, सुकी पाने आणि घरच्या ओल्या कचऱ्याचे खत. चिपाड वर्षभरात कुजून बसते आणि वाफा चार बोटे खाली जातो, मग वर नवा थर द्यायचा.

नवाबागवान, तुमच्या बाल्कनीला टोमॅटो मानवणार नाही. तीन-साडेतीन तासांच्या कोवळ्या उन्हात फळभाजी मागणे म्हणजे झाडावर अन्याय आहे. तिथे पानाची भाजी लावा. मायाळूचा वेल ग्रीलवर चढवा, तो तुमच्या दमट हवेत वर्षभर पाने देईल. अळू लावा. आपल्याकडे न्हाणीघराच्या सांडपाण्यावर अळूचा वाफा असे, तो काही उगाच नव्हे. अळूला अर्धी सावली आणि ओल दोन्ही आवडतात. मेथी दाट पेरून वीस-पंचवीस दिवसांत उपटायची. पुदिना आणि गवती चहा यांना तर फार पाहावेही लागत नाही.

संत्रानगरी (नागपूर)

आमच्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंश आणि पहाटे ३० अंश हे नित्याचे आहे, त्यामुळे ज्याला तुम्ही हवामानातील बदल म्हणता त्याचा पुष्कळसा भाग आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्यावरून दोन-तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, उन्हाळा हा पीक घेण्याचा हंगाम समजू नये. एप्रिलच्या मध्यानंतर मी दहापैकी सात वाफे मोकळे करते, भरपूर भिजवते आणि त्यांच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडते. चार ते सहा आठवडे. आत माती इतकी तापते की मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी, तणाचे बी आणि रोपे कोलमडवणारी बुरशी यांचा बराचसा नायनाट होतो. ज्या उन्हाने आपले हाल होतात तेच इथे फुकट कामाला येते. परसदार ताई, तुमची माती मे महिन्यातील पावसाने भिजली तशी आमचीही भिजली, म्हणून यापुढे मी हे काम मेच्या भरवशावर न ठेवता एप्रिलमध्येच उरकणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे उरलेल्या तीन वाफ्यांत काय लावायचे. माठ, राजगिरा आणि घोळ यांची प्रकाशसंश्लेषणाची तऱ्हा मका व ज्वारी यांच्यासारखी आहे, कडक उन्हात कमी पाण्यावर त्या इतर पालेभाज्यांपेक्षा अधिक पाला तयार करतात. घोळ तर पाणी फारच तुटले की निवडुंगाप्रमाणे दिवसा पानांची रंध्रे मिटून घेते आणि रात्री उघडते. आपण तिला तण म्हणून उपटून टाकतो, आणि त्याच जागी पालक पेरून तो आठ दिवसांत फुलावर गेला म्हणून हळहळतो. माझी सासू घोळीची भाजी चण्याची डाळ घालून करत असे, मे महिन्यात आमच्या ताटात हिरवे तेवढेच असे.

आणि एक सावधगिरीची सूचना. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेले पाणी झाडांना घालू नका. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, महिन्याभरात ते पाणी चांगलेच खारट होते. मी त्याने दोन वर्षांपूर्वी मिरचीच्या सगळ्या कुंड्या जाळल्या, पानांच्या कडा तपकिरी झाल्या तेव्हा मला वाटले ऊन लागले.

थेंबथेंब (पुणे, वाघोली परिसर)

सर्वांचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, परंतु एक प्रश्न मला विचारावासा वाटतो आणि तो कोणी मनाला लावून घेऊ नये. आमच्या संस्थेत मार्चपासून दररोज टँकर येतात. ते पाणी कुठल्या तरी गावच्या विहिरीतून किंवा कूपनलिकेतून उपसलेले असते. त्या गावातील शेतकऱ्याच्या पिकाचे पाणी शहरात आणून आपण पाचव्या मजल्यावर भेंडी पिकवायची, आणि तिला शाश्वत शेती म्हणायचे, हे मला पटत नाही. वीस चौरस मीटरच्या बागेला उन्हाळ्यात दिवसाला किती पाणी लागते, याचा हिशोब कोणी मांडेल का?

परसदार (पुणे)

आपला प्रश्न योग्य आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. हिशोब असा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मे महिन्यांत आच्छादन आणि सावली असूनही माझ्या वाफ्यांतून रोज पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी जाते, म्हणजे वीस चौरस मीटरला १०० लिटर. आच्छादन नसेल तर त्याहून पुष्कळ अधिक. पावसाचे पाणी साठवून हे भागेल का, तर नाही. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस होतो, १०० चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचे ७० हजार लिटर होतात, पण हजार लिटरची टाकी या मापाने दहा दिवसांत रिकामी होते आणि आपल्याला पाऊस नसलेले आठ महिने काढायचे असतात. म्हणून ते पाणी कूपनलिकेजवळ जिरवणे अधिक शहाणपणाचे. महापालिका त्यासाठी मिळकतकरात सवलतही देते.

म्हणूनच संत्रानगरी यांचा मार्ग मला पटतो. माझी स्वतःची बाग पावसाळा आणि हिवाळा यांत वीस चौरस मीटर असते आणि होळीनंतर मी ती सहा चौरस मीटरवर आणते. या सहा मीटरला लागणारे ३० लिटर पाणी तांदूळ-डाळ-भाजी धुतलेले आणि वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे असे मिळून घरातच निघते. यंत्राच्या नळीतून येणारे पाणी जवळपास क्षारमुक्त असते, ते वाया घालवू नये. याउलट आरओ शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, ते फरशी पुसण्यास वापरावे. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात टँकर येतो त्यांनी उन्हाळी फळभाजी लावू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. हे माझ्याही मनाला लागणारे आहे, कारण उन्हाळ्यातील काकडी मला फार प्रिय होती.

आच्छादनाचा एक अनुभव जाता जाता नोंदवते. गेल्या एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता पश्चिमेच्या कठड्याला टेकलेल्या काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, चार इंच खाली, माझ्या सळईने ४६ अंश दाखवले. त्याच वेळी शेजारच्या वाफ्यात, वर तीन इंच चिपाड आणि बाहेरून गोणपाट गुंडाळलेले असताना, ३३ अंश होते. चिपाड बाजूला सारले तर खालची माती काळी, थंड, हाताला चिकटणारी होती आणि दोन गांडुळे उजेड लागताच आत ओढली गेली. पिशवीतील वांग्याचे झाड त्याच आठवड्यात मेले.

वाडीकर (वसई)

आमच्या घराण्यात चार पिढ्यांपासून वाडी आहे. केळी, पानवेल, आणि पावसाळ्यात मांडवावर शिराळी, पडवळ, कारली, तोंडली. मुंबई वाढली तिच्या कितीतरी आधीपासून ही भाजी तिच्या बाजारात जात आली आहे. शहरी शेती म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर कुंडी येते, आणि शहराच्या कडेला जी खरी शेती अजून तग धरून आहे ती कोणाला दिसत नाही, याचे मला वाईट वाटते.

थेंबथेंब यांनी टँकरचा विषय काढला, त्याची दुसरी बाजू आम्ही सोसलेली आहे. आमच्या वाड्यांतून 'बावखले' असत. बावखल म्हणजे वाडीतच खणलेले उथळ तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, रेताड जमिनीतून मुरते, आणि शेजारच्या विहिरीचे पाणी गोडे राहते. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की खारे पाणी आत सरकते. पूर्वी विहिरीवर रहाट असे, बैल थांबला की उपसाही थांबे आणि रात्रीतून विहीर भरून येई. पुढे मोटारी आल्या, टँकरना पाणी विकले जाऊ लागले, बावखले भराव घालून बुजवली गेली, आणि किती तरी विहिरी मचूळ झाल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून ज्या गोष्टीसाठी लढा दिला, ती हीच हिरवळ आणि हेच पाणी. आता समुद्राची पातळी वाढत असताना बावखल बुजवणे म्हणजे आपल्याच हाताने खाऱ्या पाण्याला वाट करून देणे आहे.

माझी विनंती एवढीच आहे की, गच्चीवर जे पिकते ते अवश्य पिकवा, पण महिन्यातून दोनदा तरी पहाटे वसई-विरारकडून टोपली घेऊन येणाऱ्या बाईकडून भाजी घ्या. घासाघीस करू नका. ती विकली गेली नाही तर पुढच्या वर्षी त्या वाडीत मांडव उभा राहत नाही, बांधकामाचे पत्रे उभे राहतात.

परसदार (पुणे)

वाडीकर दादा, आपले म्हणणे मी मान्य करते. माझ्या वीस मीटरमधून माझ्या चार माणसांच्या घराला हिवाळ्यात आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेल इतकी भाजी निघते, त्याहून अधिक नाही. कांदा, बटाटा, धान्य, डाळ यांच्यासाठी मी शेतकऱ्यावरच अवलंबून आहे. बावखलाची माहिती मला नवी होती. तिचा स्वतंत्र धागा आपण काढावा.

गणितीमाळी (कोल्हापूर)

ताईंनी वहीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आमच्याकडे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे अध्यापक होते. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला तो याच पायावर, की प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या जागेत प्रयोग करावा, मोजावे, लिहावे आणि शेजाऱ्याला सांगावे. पीक म्हणजे पानांनी गोळा केलेला सूर्यप्रकाश, आणि आपण मोजायचे ते पानांचे कार्यक्षम पृष्ठफळ, हा त्यांचा विचार. दहा गुंठ्यांत कुटुंबाचा निर्वाह कसा होईल, याचा हिशोब त्यांनी मांडला. त्यांच्या पद्धतीची प्रेरणा पुढे शहरातही पोहोचली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातील कचऱ्यापासून माती तयार करून फळझाडे आणि भाजी वाढवली, ती याच धर्तीवर.

मला एक सूचना करावीशी वाटते. फक्त किमान तापमान न लिहिता प्रत्येक भाजीपुढे तीन तारखा लिहाव्यात: पेरल्याची, पहिल्या फुलाची आणि पहिल्या तोडणीची. पाच वर्षांनी या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की कोणती भाजी उजेडावर चालते आणि कोणती उष्म्यावर, हे कोणी सांगावे लागणार नाही. ज्या भाजीच्या फुलाची तारीख पेरणी मागे-पुढे झाली तरी हलत नाही ती उजेडाची. मात्र यात बियाणे कोणते ते लिहिणे आवश्यक आहे, कारण बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का जय' किंवा 'अर्का विजय' हे वालाचे बुटके वाण दिवसाच्या लांबीची वाट पाहत नाहीत, ते वर्षात केव्हाही फुलतात. गावरान आणि हे वाण एका रकान्यात लिहिले तर नोंद निरुपयोगी ठरेल.

नवाबागवान (डोंबिवली)

सर्वांचे आभार. मायाळूची फांदी शेजारच्या काकूंकडून आणून लावली आणि तिला तीन नवी पाने आली. अळूचे कंद बाजारातून आणले आहेत, ते खाण्याच्या अळूचेच आहेत याची खात्री काकूंनी करून दिली. समितीला तुळई यांचे गणित वाचून दाखवले. वाफ्यांचा प्रस्ताव मागे पडला, पण तुळयांच्या रेषेवर घडवंच्या ठेवून कुंड्या मांडण्यास तत्त्वतः संमती मिळाली आहे. खाली स्लॅबची स्थिती एकदा तपासून घ्यावी, असे ठरले. ताई, त्या गच्चीवर तरी टोमॅटो लावता येईल का, आणि लावायचा झाल्यास बी कोणते घ्यावे?

परसदार (पुणे)

डोंबिवलीत डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान २० च्या खाली उतरणारे आठवडे मिळतात, फक्त ते थोडे असतात. म्हणून मोठी टपोरी फळे देणारा वाण घेऊ नका, लहान फळांचा चेरी टोमॅटो घ्या. त्याला फुले घोसाने येतात आणि थोड्या दिवसांच्या थंडीत बरीच फळे धरून जातात. पांढरी माशी आणि तिच्यामुळे पाने मुरडण्याचा रोग तुमच्याकडे फार असेल तर 'अर्का रक्षक' हा पर्याय आहे, तो त्या रोगाला तोंड देतो, मात्र तो संकरित असल्यामुळे त्याचे बी धरून पुढच्या वर्षी लावू नये. रोपे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कुंडीत गेली पाहिजेत. त्याआधी एक साधा कमाल-किमान तापमापक आणा आणि आजपासूनच लिहायला लागा, म्हणजे पुढच्या वर्षी हा प्रश्न मला विचारावा लागणार नाही.

गणितीमाळी यांच्या सूचनेप्रमाणे मी माझ्या वहीचे रकाने काल नव्याने आखले. जुन्या वह्यांत पहिल्या फुलाच्या तारखा फक्त टोमॅटो, घेवडा आणि मिरची यांच्याच सापडल्या, बाकीच्यांच्या मी कधी लिहिल्याच नव्हत्या. घेवड्याची पहिली फुले सात वर्षांत ७ ते १५ नोव्हेंबर यांच्या बाहेर गेलेली नाहीत. टोमॅटोचे पहिले फळ धरण्याची तारीख मात्र याच सात वर्षांत २४ दिवस पुढे-मागे हलली आहे. आज पहाटे किमान २१.८ होते. माझी रोपे अजून ट्रेमध्येच आहेत.